क्रॉयट्झरचा दोन नंबर

१९८७ च्या पावसाळ्यात माझ्याकडे व्हायोलिन शिकणारा एक चौदा वर्षांचा मुलगा वहीऐवजी कॅसेट घेऊन आला. कुणाकडून तरी भरून घेतलेली, वर बॉलपेनने नाव लिहिलेलं. त्याला व्हायोलिन सोडून गिटार धरायची होती. ते तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून त्याने कॅसेट पुढे केली. म्हणाला, "टीचर, एकदाच ऐका. दोन मिनिटांचंसुद्धा नाहीये."

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत टेपरेकॉर्डर कपाटावर असायचा. मी तो खाली घेतला. आधी ढोलाचा एक दणका, मग गिटारचा असा आवाज, की स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. मी ऐकत राहिले. काही वेळाने माझ्या लक्षात आलं, की माझ्या डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप पडताहेत, पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, ठरल्या क्रमाने. कानाच्या आधी हाताला कळलं होतं. मी कॅसेट थांबवून मागे घेतली, परत लावली.

"अरे, हा तर क्रॉयट्झरचा दोन नंबर!"

त्याला त्या आठवड्यात घरी करायला दिलेला पाठ तोच होता. तो माझ्याकडे बघतच राहिला. "नाही टीचर, हा व्हॅन हेलन आहे."

आम्ही दोघंही बरोबर होतो. त्या दुपारपासून हेवी मेटल आणि युरोपचं शास्त्रीय संगीत यांच्या नात्याचा मी पाठपुरावा करत आले आहे. माणसं या नात्याबद्दल बोलतात तेव्हा ऑर्केस्ट्रासमोर उभे राहिलेले लांब केसांचे गिटारवादक त्यांच्या डोळ्यांपुढे असतात. मला ते नातं रियाजाच्या पुस्तकांत सापडलं.

रोडोल्फ क्रॉयट्झर १७६६ साली व्हर्सायला जन्मला. बेथोव्हनने आपला प्रसिद्ध व्हायोलिन सोनाटा त्याला अर्पण केला, पण क्रॉयट्झरने तो लोकांसमोर कधी वाजवला नाही. त्याचं नाव मैफलींनी राखलं नाही, शिकणाऱ्यांनी राखलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये पॅरिसमध्ये कॉन्झर्व्हाटॉर सुरू झालं आणि क्रॉयट्झर तिथे शिकवू लागला. आता एकेका शागिर्दाला घरी ठेवून घडवण्याची पद्धत पुरणार नव्हती. सरकारी संस्थेत वर्गच्या वर्ग तयार करायचे, तर सगळ्यांना एकाच मापाचा रियाज हवा. त्या गरजेतून त्याच्या चाळीस स्टडीज आल्या. पुढे दोन वाढून त्या बेचाळीस झाल्या.

दुसरी स्टडी दिसायला अगदी साधी आहे. सी मेजर, एकसारखे सोळांश स्वर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उसंत नाही. कान त्यात रमत नाही, कारण ती कानासाठी नाहीच. डाव्या हाताची चारही बोटं सारख्या वजनाने पडायला हवीत आणि करंगळी मागे राहता कामा नये. उजव्या हाताने तीच ओळ कधी बोच्या टोकाला, कधी मुठीजवळ, कधी दोन स्वर जोडून, दोन तोडून अशी पंचवीस-तीस तऱ्हांनी वाजवायची. माझे सर गोव्याचे. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तांकडे सोल्फा शिकलेले, नंतर मुंबईत येऊन फिल्म स्टुडिओंत वाजवणारे. धोबीतलावच्या त्यांच्या खोलीत मी तेरा वर्षांची असताना हा पाठ तीन महिने काढला. "बाय, बोट वर नेऊ नको. तारेच्या जवळ ठेव. लांबून येणारं बोट उशिरा येतं." हे त्यांचं वाक्य. ते मीही नंतर शेकडो मुलांना ऐकवलं.

आता ती कॅसेट. १९७८ च्या फेब्रुवारीत निघालेल्या व्हॅन हेलनच्या पहिल्या अल्बममधला तो तुकडा, 'इरप्शन'. एक मिनिट बेचाळीस सेकंदांचा, गाणं नसलेला. मुळात ती एडी व्हॅन हेलनची हात गरम करायची कसरत होती. ती स्टुडिओत वाजवताना निर्माता टेड टेम्पलमनच्या कानावर पडली आणि त्याने ती ध्वनिमुद्रित करायला लावली. म्हणजे हाही एक रियाजच. एडी १९५५ साली ॲमस्टरडॅमला जन्मला. वडील वादक, आई इंडोनेशियातली. १९६२ मध्ये हे कुटुंब पियानो बरोबर घेऊन कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला गेलं. तिथे मुलांच्या मागे पियानोचा शिक्षक लागला. एडी स्वरलिपी वाचायला शिकलाच नाही. शिक्षकाच्या बोटांकडे बघायचा, ऐकायचा, उचलायचा. अशाने त्याने पियानोच्या स्पर्धाही जिंकल्या. आपल्याकडच्या गुरुमुखी विद्येत वाढलेल्याला याचं नवल वाटणार नाही.

'इरप्शन'मध्ये क्रॉयट्झरची ओळ येऊन जाते आणि मग तो भाग येतो, ज्याने जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडवली: उजव्या हाताचं बोट गिटारच्या मानेवर आणून त्याने तार ठोकायची, डावा हात खाली स्वर धरून ठेवणार, आणि दोन्ही हातांमधून तुटलेल्या कॉर्डचे स्वर पाण्यासारखे ओघळणार. टॅपिंग म्हणतात त्याला. रॉबर्ट वॉल्झर या अमेरिकी संगीताभ्यासकाने १९९३ मध्ये हेवी मेटलवरच्या आपल्या पुस्तकात या दीड-दोन मिनिटांची स्वर न् स्वर लिहून फोड केली आणि विवाल्डीच्या काळापासूनच्या दिमाखदार वादनाशी तिचा धागा जोडला. ते पुस्तक हाती आलं, तेव्हा क्रॉयट्झरचं नाव छापलेलं बघून मला भरून आलं होतं.

हातच मोजायचे, तर मागे पागानिनीपर्यंत जावं लागतं. जिनोआत १७८२ मध्ये जन्मलेला निकोलो पागानिनी. त्याचे चोवीस काप्रिचे १८२० मध्ये मिलानच्या रिकोर्दीने छापले. अर्पणपत्रिकेत राजा नाही, उमराव नाही. ते कलाकारांना अर्पण आहेत. चोविसाव्याच्या एका व्हेरिएशनमध्ये बो वाजत असतानाच डाव्या हाताची बोटं तार छेडतात. बोट उचलता उचलता तारेला ओरबाडून जायचं, म्हणजे खालचा स्वर बोलतो. गिटारवाले याला पुल-ऑफ म्हणतात. ही युक्ती त्याच्या हातात सहज असण्याला एक कारण होतं: पागानिनी स्वतः गिटार वाजवायचा. गिटारसाठी त्याने शंभरावर तुकडे लिहिले, व्हायोलिन-गिटारच्या जोडीसाठी सोनाटे लिहिले. त्याच्या अफाट हाताने लोक इतके चक्रावले, की त्याने सैतानाशी करार केल्याच्या कंड्या पिकल्या. १८४० मध्ये नीसला तो वारला, तेव्हा तिथल्या बिशपने त्याला पवित्र भूमीत पुरू दिलं नाही. त्याच्या देहाला कायमची जागा मिळायला, पार्माच्या दफनभूमीत, १८७६ साल उजाडलं. सैतानाची चित्रं अंगावर वागवणाऱ्या मेटलवाल्यांकडे बघून नाक मुरडणाऱ्यांना मी हे छत्तीस वर्षांचं प्रेत सांगते.

१८३२ मध्ये पॅरिसला पागानिनीला ऐकून वीस वर्षांचा लिस्ट घरी गेला आणि पियानोला बसला तो तासन् तास उठेना. असंच पुढे स्टॉकहोममध्ये घडलं. १९६३ साली जन्मलेल्या यंग्वी माल्मस्टीनने किशोरवयात टीव्हीवर गिडॉन क्रेमरला पागानिनी वाजवताना पाहिलं आणि गिटारवर तेच करायचं ठरवलं. १९८४ चा त्याचा 'रायझिंग फोर्स' ऐकावा. हार्मोनिक मायनरच्या सपाट ताना, डिमिनिश्ड आर्पेजिओच्या उतरंडी. आपल्या भाषेत सांगायचं तर किरवाणीचे स्वर, पण भयानक वेगात. गिटारच्या मानेवरचं लाकूड दोन पडद्यांच्या मधे त्याने कोरून खोलगट केलं, म्हणजे बोट लाकडाला न टेकता नुसतं तारेवर दाबता येतं. वीणेवर किंवा सतारीवर मींड काढणाऱ्याला यातली सोय लगेच कळेल. तरी मला माल्मस्टीन थोड्या वेळाने थकवतो. पागानिनीत वेगाच्या मधे गाणंही असतं, विश्रांती असते. याच्याकडे ती फार उशिरा मिळते. याच अल्बममधल्या 'इकारस ड्रीम स्वीट'ची सुरुवात अल्बिनोनीच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आदाजिओने होते. गंमत अशी, की ती रचना अठराव्या शतकातल्या अल्बिनोनीची नाहीच. रेमो जाझोत्तो या इटालियन अभ्यासकाने ती विसाव्या शतकात रचून १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. बरोकच्या ओढीपायी एकाने लिहिलं, तसल्याच ओढीपायी दुसऱ्याने उचललं.

पण मेटलचा जन्म वेगाच्या पोटी झालेला नाही. तो बर्मिंगहॅमच्या कारखान्यात झाला, आणि तिथेही गोष्ट हाताचीच आहे. पुढे ब्लॅक सबाथचा गिटारवादक झालेला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली: भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांवर जग जिंकणारा गिटारवादक. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा पातळ लावल्या. पुढे तारा ढिल्या करून सूरही खाली आणला, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. ब्लॅक सबाथचा तो खर्जातला जडपणा काही अंशी दुखऱ्या बोटांची सोय आहे.

१३ फेब्रुवारी १९७० ला निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं तीन स्वरांवर उभं आहे. जी, वरचा जी, आणि मग सी शार्प. बास वाजवणारा गीझर बटलर तेव्हा गुस्टाव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधल्या 'मार्स'च्या नादात होता आणि ती धून बासवर काढून बघत होता. त्यातूनच आयोमीला हा रिफ सुचल्याचं त्याने सांगितलं आहे. 'मार्स' होल्स्टने १९१४ मध्ये लिहिला. पाच मात्रांचा ठेका, आणि सुरुवातीला व्हायोलिनवाल्यांनी बोच्या केसांऐवजी काठीनेच तारांवर ठोके द्यायचे. त्यावर पितळी वाद्यांची धून जी वरून डी ला चढते आणि अर्धा स्वर खाली सरकून डी फ्लॅटवर थांबते. डी फ्लॅट म्हणजेच सी शार्प. सबाथने डी गाळला आणि भीती तेवढी ठेवली.

जी ते सी शार्प या अंतराला ट्रायटोन म्हणतात. चर्चने मध्ययुगात त्यावर बंदी घातली होती, असं मेटलच्या प्रत्येक पुस्तकात येतं. बंदी वगैरे काही नव्हती. गवयांना ते अंतर गळ्यातून नीट काढणं जड जायचं, म्हणून शिक्षक ते टाळायला सांगत. 'संगीतातला सैतान' हे नाव फार उशिरा, अठराव्या शतकाच्या आसपास रूढ झालं. माझ्या मराठी कानाची यात वेगळीच अडचण होते. जी ला सा धरलं, तर सी शार्प हा तीव्र मध्यम. लहानपणापासून यमनमध्ये तो ऐकला, आणि प्रत्येक वेळी दिवेलागण झाली. त्यात सैतान कुठून आणायचा? मी तो रिफ व्हायोलिनवर वाजवून बघितला. तेव्हा उमगलं, की यमनमध्ये तीव्र मध्यमाच्या खाली गंधार असतो, वर पंचम असतो, त्याला जायला घर असतं. सबाथने त्याला नुसत्या षड्जासमोर उभं केलं आणि आजूबाजूची दारं बंद केली. तो स्वर थरथरत राहतो आणि कुठेच जात नाही.

ऑर्केस्ट्राबरोबरच्या प्रयोगांविषयी मी थोडक्यातच लिहिणार आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये डीप पर्पल आणि रॉयल फिलहार्मोनिक एकत्र वाजले. रचना ऑर्गनवादक जॉन लॉर्डची, संचालन माल्कम आर्नल्डचं. ऑर्केस्ट्रातल्या काहींना ही संगत पसंत नव्हती आणि आर्नल्डने तालमीत त्यांना खडसावलं होतं. १९९९ मध्ये मेटालिका आणि सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीचा मोठा गाजावाजा झाला. दोन्हींत सुंदर जागा आहेत. पण बराच वेळ एक वाजतं आणि दुसरं वाट बघतं, किंवा दोघं एकाच वेळी बोलतात. मला भावते ती लॉर्डच्या त्या रचनेची पुढची हकिकत. १९७० मध्ये त्याचं हस्तलिखित हरवलं, ते हरवलंच. सुमारे तीस वर्षांनी मार्को द खूय नावाच्या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत पुन्हा पुन्हा ऐकत-बघत सगळ्या ऑर्केस्ट्राचा स्कोर कानाने उतरवून काढला. तो घेऊन ती रचना सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच सभागृहात, लंडन सिम्फनीबरोबर पुन्हा उभी राहिली. शंभर माणसांच्या गलक्यात दुसऱ्या क्लॅरिनेटने काय वाजवलं हे शोधत बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे येतो. तसंच हेलसिंकीचं: सिबेलियस अकादमीतल्या चार चेलो शिकणाऱ्या मुलांनी १९९३ मध्ये हौसेखातर मेटालिकाची गाणी चेलोवर बसवली, १९९६ मध्ये त्यांचा, ॲपोकॅलिप्टिकाचा, पहिला अल्बम आला. चेलोच्या खालच्या तारेवर बो करकचून दाबला, की डिस्टॉर्शनसारखाच खरखरीत सूर निघतो. शिकवताना आपण तो आयुष्यभर काढायला बंदी करतो.

या सगळ्यांत मी शिक्षक म्हणून कुणाला माझा विद्यार्थी म्हणून मागितलं असतं, तर रँडी ऱ्होड्सला. १९५६ साली सांता मोनिकाला जन्म. आई डेलोरस नॉर्थ हॉलिवूडमध्ये 'म्युझोनिया' नावाची संगीतशाळा चालवायची. रँडी तिथे शिकला आणि मोठा झाल्यावर तिथेच मुलांना शिकवू लागला. मग ब्लॅक सबाथचा जुना गायक ऑझी ऑस्बॉर्न याने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. १९८० च्या पहिल्या अल्बममध्ये दोन गाण्यांच्या मधे त्याने साध्या क्लासिकल गिटारवर पन्नासेक सेकंदांचा एक तुकडा ठेवला आणि आईच्या नावावरून त्याला 'डी' म्हटलं. पुढच्या वर्षीच्या अल्बममधल्या 'डायरी ऑफ अ मॅडमन' या गाण्याची सुरुवात क्यूबाच्या लिओ ब्रॉवरच्या सहाव्या स्टडीच्या वळणाने होते. परत स्टडीच. हजारो माणसांपुढे वाजवणारा हा मुलगा दौऱ्यात नव्या गावी उतरला, की टेलिफोन डिरेक्टरी उघडायचा आणि क्लासिकल गिटारचा मास्तर शोधायचा. फोन करून वेळ ठरवायचा, फी द्यायचा, खुर्चीवर बसून धडा घ्यायचा आणि रात्री मंचावर उभा राहायचा. गावोगावच्या त्या मास्तरांच्या खोल्या कशा असतील, मला कल्पना करता येते. स्टँडवर पिवळी पडलेली पानं, भिंतीला टेकवलेली पेटी, पुढच्या मुलाची आई बाहेर बाकावर. हेवी मेटल सोडून क्लासिकल गिटारची पदवी घ्यायचं त्याच्या मनात होतं. १९ मार्च १९८२ ला फ्लोरिडातल्या लीसबर्गला एक छोटं विमान कोसळलं, त्यात तो गेला. पंचवीस वर्षांचा होता.

माझ्या त्या मुलाला गिटार मिळाली. अट एकच घातली होती: दोन नंबर पूर्ण करायचा. त्याने तो सहा आठवड्यांत केला, आधी व्हायोलिनवर आणि मग, मला न सांगता, गिटारवर. दिवाळीनंतर तो ती गिटार आणि टिफिनच्या डब्याएवढा अँप्लिफायर घेऊन आला आणि मला पॉवर कॉर्ड दाखवला. दोनच स्वर, षड्ज आणि पंचम, ए आणि ई. डिस्टॉर्शनचं बटण दाबून त्याने ते छेडले आणि खोलीच्या फरशीतून एक तिसरा, खोल स्वर आला. मी त्याला म्हटलं, तारा मोज. दोनच वाजत होत्या.

मग मी माझं व्हायोलिन काढलं. पादुआच्या जुझेप्पे तार्तिनीने हा स्वर आपल्याला १७१४ मध्ये सापडल्याचं लिहून ठेवलं आहे. दोन तारा एकदम, अगदी सुरात वाजवल्या, की खाली कुणी न वाजवलेला तिसरा स्वर ऐकू येतो. आपल्या शिष्यांची बोटं जागेवर आहेत की नाहीत, हे तो त्या स्वरावरून तपासायचा. हिशोब वजाबाकीचा आहे. व्हायोलिनची ए सेकंदाला ४४० कंपनांची, ई ६६० ची, तिसरा स्वर २२० चा. व्हायोलिनवर तो इतका बारीक असतो, की खोलीत पंखा चालू असला तर हाती लागत नाही. तो बव्हंशी कानाच्या आतच तयार होतो. गिटारच्या डिस्टॉर्शनमध्ये तेच काम विजेचं सर्किट करतं, त्यामुळे तो स्वर स्पीकरमधून खराखुरा बाहेर पडतो. त्या मुलाची ए ११० ची होती, ई १६५ ची. नेहमीच्या सुरात लावलेल्या गिटारची सर्वांत जाड तारसुद्धा ८२ च्या खाली जात नाही. फरशीतून येत होता तो पंचावन्नचा.

मी पंखा बंद केला. त्याला जवळ बोलावून कान व्हायोलिनच्या पोटाशी न्यायला सांगितला आणि दोन्ही तारांवर बो सावकाश ओढला. पहिल्यांदा तो म्हणाला, "नाही येत, टीचर." ई किंचित वर होती, मी पेग नाही, फाइन ट्यूनर जराशी फिरवली आणि पुन्हा ओढला. त्याने हात वर केला, म्हणजे थांबू नका. बो संपत आला तसा मी तो न तोडता उलट वळवला.